आयर्लंडातली पाठवणी

श्रावणात आमच्या गिरगावात कपडे वाळत नाहीत. सकाळी ऊन बघून लुगडं दोरीवर टाकावं आणि पाठ वळवावी, तोच सर येते. धावत जाऊन काढावं, तर पुन्हा ऊन पडलेलं. शेजारच्या बायका या ऊनपावसाला कंटाळतात, पावसाला नावं ठेवतात. मला नाही कंटाळा येत. अर्धं ओलं लुगडं हातात धरून मी तशीच गॅलरीत उभी राहते. समोर कौलं, खाली चिखल, कोपऱ्यावर ट्रामचा घोडा अंग झटकत उभा. आणि एवढ्यात कुठून कोण जाणे, मला ओल्या गवताचा वास येतो.

गिरगावात गवत कुठलं आलंय? पण येतो खरा.

आयर्लंडात बाराही महिने श्रावण असतो. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. विलायतेला जाऊन आलेली बाई म्हणून मला सगळे लंडनचं विचारतात. राणी दिसली का, बर्फ पडतं ते कसं असतं, तिथल्या बायका खरंच छत्र्या घेऊन एकट्या फिरतात का. आयर्लंडचं कुणी विचारत नाही. समोरच्या द्वारकाकाकू त्याला 'अर्लंड' म्हणतात, आणि तो लंडनमधलाच एखादा मोहल्ला असावा अशी त्यांची समजूत आहे. मीही ती मोडलेली नाही. पण श्रावण आला की माझं मन लंडनला जात नाही. ते त्या दगडी बांधांच्या मुलखात जातं, जिथे मी फार तर बारा-पंधरा दिवस होते.

गोष्ट प्लेग यायच्या दोन वर्षं आधीची. हे बॅरिस्टर व्हायला लंडनला होते आणि मीही त्यांच्याबरोबर गेले होते. तेव्हा बाईमाणसानं नवऱ्याबरोबर समुद्र ओलांडणं म्हणजे गिरगावातल्या दहा घरांत महिनाभर पुरेल एवढा विषय. यांचे आईवडील आधीच गेलेले, त्यामुळे सासरी अडवणारं कुणी नव्हतं. अडचण होती ती माझ्या माहेरची. वडील मी लहान असतानाच वारले. आई ठाकूरद्वारच्या एका वाडीत माझ्या काकांकडे राहायची. विधवा बाई, केस काढलेली, लाल आलवणातली, दिवसातून एकदा जेवणारी. काकांनी आम्हाला पोसलं, माझं लग्न करून दिलं. जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आईला आवाज न चढवता सांगितलं, "वहिनी, यमूला जाऊ द्या तिच्या नवऱ्याबरोबर. सुखी राहो. पण समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला या घरात पाणी नाही. माझ्या तीन पोरी उजवायच्या आहेत अजून."

काका दुष्ट नव्हते. तीन मुलींचे बाप होते.

निघायच्या दिवशी मी आईच्या पाया पडायला गेले. ती तुळशीला पाणी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथे थंडी असते म्हणतात. कान झाकत जा." धक्क्यावर ती आली नाही. मी बोटीवरून गर्दीत लाल आलवण शोधत राहिले, ते कुठे दिसलं नाही.

लंडनमध्ये यांच्याबरोबर शिकणारा एक आयरिश मुलगा होता. त्याचे मामा आयर्लंडात गॉलवे शहराच्या पश्चिमेकडे शाळामास्तर होते. नोकरीतून मोकळे झाल्यावर ते उन्हाळ्यात सात-आठ प्रवाशांना गोळा करून आपला मुलूख दाखवायचे. जुने मठ, पडके किल्ले, कोळ्यांची गावं. वाटेत शेतकऱ्यांच्या घरी उतरायचं, ते खातील ते खायचं. हे म्हणाले, "जाऊ या. त्या देशाचं भांडण इंग्रजांशी आहे, आपलंही आहे. जरा बघून येऊ." यांना राजकारण बघायचं होतं. मला लंडनच्या धुरातून बाहेर पडायचं होतं.

मास्तर साठीचे. उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्या दोन गाड्या होत्या. घोडा एक, चाकं दोन, आणि दोन्ही अंगांना बाकं, अशी ती गाडी. बाकावर बसलं की तोंड पुढे नाही, मागे नाही, बाजूच्या शेताकडे. पाय चाकाच्या वर लोंबकळत. नऊवारीत मला त्या गाडीवर चढताना पाहून पोरांची रांग लागायची. मास्तर त्यांना आयरिश भाषेत काहीतरी म्हणायचे आणि पोरं टोप्या काढायची. "काय सांगता तुम्ही त्यांना?" मी एकदा विचारलं. "सांगतो, ही सूर्याच्या देशाची राणी आहे, नीट वागा." मी म्हटलं, "खोटं का सांगता?" तर म्हणाले, "बाई, इथे सूर्य इतका कमी दिसतो, की त्याच्या देशातून आलेलं कुणीही राणीच."

आमच्यात एक मिसेस पार्कर होत्या. नवरा फौजेत होता, तो वारलेला. पुण्याच्या कँपात काही वर्षं राहिल्यामुळे त्यांना हिंदुस्थानी येतं असं त्यांना वाटायचं. रोज सकाळी मला म्हणायच्या, "तुम अच्छा है? जल्दी जल्दी!" हे हसू दाबायचे. मी म्हणायची, "अच्छा है." पहिले दोन दिवस मला त्यांचा राग यायचा.

मुलूख असा, की डोळ्यांना हिरव्याशिवाय काही दिसू नये आणि तरी जमिनीत काही पिकू नये. सगळीकडे दगड. दगड वेचून वेचून बांध घातलेले, आणि बांधांच्या मधे आपल्या अंगणाएवढाली शेतं. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवत ठेवलेली, तीच त्यांचं सरपण. संध्याकाळी त्या मातीचा धूर गावभर पसरायचा. शेणीच्या धुराची आठवण यायची, फक्त जरा गोडसर. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी पदरानं डोळे पुसले. लंडनच्या कोळशानं मला कधी रडवलं नव्हतं.

श्रावणी सोमवार आला. परदेशात असले तरी सोमवार मी सोडले नव्हते. त्या दुपारी आम्ही एका शेतकऱ्याकडे उतरलो. घरातल्या बाईनं मोठं भांडं चुलीवरून उतरवलं आणि टोपलीत उकडलेले बटाटे ओतले, वाफाळते, सालं फुटलेले. बरोबर मीठ आणि ताक. दुसरं काही नाही. आदल्या दिवशीही तेच, त्याच्या आदल्या दिवशीही तेच होतं. मी यांच्या कानाशी म्हटलं, "अहो, यांच्याकडेही उपास आहे वाटतं. सगळा देशच सोमवार करतोय." हे इतक्या मोठ्यानं हसले, की मास्तरांनी विचारलं, काय झालं. यांनी इंग्रजीत सांगितलं. मास्तरही हसले. मग बटाट्याचं साल सोलता सोलता म्हणाले, "आम्ही फार मोठा उपास केलाय, बाई. फळ मिळायचं अजून बाकी आहे. चला, संध्याकाळी दाखवतो."

संध्याकाळी त्यांनी आम्हाला डोंगराच्या उतारावर नेलं. तिथे गाव होतं. म्हणजे भिंती होत्या, छपरं नव्हती. चौकटींतून आभाळ दिसत होतं. चुलीच्या जागी कमरेएवढी झुडपं माजली होती, अंगाला लागली की आग होणारी. मास्तर एका घरापाशी थांबले आणि वाकून आत गेले. छप्पर नसलेल्या घरात शिरताना वाकायची काय गरज, असं माझ्या मनात आलं. मग लक्षात आलं, ती त्यांची सवय होती.

"हे आमचं घर," ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो. बटाट्याचं पीक वरून हिरवंगार होतं. एका सकाळी शेताकडून वास आला. वडिलांनी जमिनीत हात घातला, तो काळा चिखल घेऊन बाहेर आला. पुढच्या वर्षीही तेच. या गावात चाळीस उंबरे होते."

मिसेस पार्करनी खाली दिसणाऱ्या समुद्राकडे बोट केलं. "पण पाणी तर हे इथे आहे! मासे का नाही धरले तुम्ही?"

मास्तर रागावले नाहीत. हा प्रश्न त्यांना पुष्कळांनी विचारला असावा. "पहिल्या हिवाळ्यात जाळी विकून पीठ आणलं, बाई. दुसऱ्या हिवाळ्यात होड्या फोडून जाळल्या. थंडी होती."

"आणि धान्य?" यांनी विचारलं. "देशात धान्यच नव्हतं का?"

"होतं की. बंदरातून बाहेर जात होतं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या जाताना बघायचो."

यांनी माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाचं आई सांगायची. देशावरची माणसं मुंबईत आली होती, ठाकूरद्वारच्या रस्त्याला हाडांचे सापळे बसलेले असायचे. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. ती रोज दोन भाकऱ्या ओट्यावर ठेवून आत जायची, घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, त्याला लाज वाटू नये म्हणून. हे मी मास्तरांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा."

मिसेस पार्करनी हातमोजा काढून त्या भिंतीवर हात ठेवला होता. परत येताना त्या माझ्या शेजारी बसल्या. "तुम अच्छा है" म्हणाल्या नाहीत. थंडी वाजत होती, त्यांनी आपल्या पांघरुणाचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

त्यानंतर मास्तर मला आयरिश शब्द शिकवू लागले. लहानपणी शाळेत त्यांच्या गळ्यात काठी बांधायचे. तोंडातून आयरिश शब्द गेला की काठीवर एक खाच, आणि संध्याकाळी जेवढ्या खाचा तेवढ्या छड्या. "आईशी बोलायचो ते शब्द माझ्या पाठीवर मोजले जायचे," ते म्हणाले. मी विचारलं, "आईला काय म्हणता तुम्ही?" त्यांनी सांगितलं, "माहिर."

मी गाडीवरून पडायचीच बाकी राहिले. "परत म्हणा."

"माहिर."

"आमच्याकडे आईच्या घराला माहेर म्हणतात!"

मास्तर कितीतरी वेळ तो शब्द पुटपुटत राहिले, कधी त्यांचा, कधी आमचा. त्यांना हरवलेला मुलगा सापडल्यासारखा आनंद झाला होता. माझं मन मात्र पुढचा सगळा रस्ता ठाकूरद्वारला होतं.

मग वादळ आलं आणि आम्ही समुद्रकाठच्या एका गावात अडकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं, तेव्हा मास्तर म्हणाले की शेजारच्या घरी आज गाव जमणार आहे. त्या घरची मुलगी, नोरा, उद्या अमेरिकेला जाते आहे. मोठ्या बहिणीनं तिकीट पाठवलंय. ज्याच्या घरचं माणूस अमेरिकेला जातं, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळी सगळे येतात, खातात, नाचतात. आणि रडतात. मेलेल्या माणसासाठी रडतात तसंच.

"जिवंत मुलीसाठी?" मी विचारलं.

"ती परत येणार नसते, बाई."

बाकीच्यांना ते बघायचं होतं. मला संकोच वाटला. दुसऱ्याच्या घरची पाठवणी, तिथे उपऱ्यानं जाऊन कोपऱ्यात उभं राहायचं? पण नोराच्या आईनंच निरोप पाठवला होता, सूर्याच्या देशाच्या बाईला घेऊन या.

त्या मुलखात उन्हाळ्यात दिवस मावळता मावळत नाही. आम्ही गेलो तेव्हा दारातून पिवळं ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. एक म्हातारा सारंगीसारखं काही वाजवत होता आणि पोरं-पोरी अशी नाचत होती, की जमिनीवरच्या फरशा हलाव्यात. नोरा वीसेक वर्षांची. तांबूस केस, पायात नवे कोरे बूट. ते चावत असावेत, कारण नाच थांबला की ती हळूच टाच बाहेर काढायची. तिची आई चुलीपाशी बसून होती. हातात काही काम नसलेली बाई किती वेगळी दिसते!

मला पाहून तिनं शेजारी जागा केली. तिला इंग्रजी येत नव्हतं. मास्तर आमच्या मधे गुडघ्यांवर बसले. तिनं माझ्या लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला आणि विचारलं, "तुझा मुलूख किती लांब आहे?"

"बोटीनं तीन आठवडे."

"तीन! अमेरिका एका आठवड्यावर आहे म्हणतात." ती विचारात पडली. "आई आहे तुला?"

"आहे."

"आणि तू परत जाणार?"

"जाणार. पुढच्या वर्षी."

तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला त्या धुराचा वास होता. ती भराभर बोलू लागली. मास्तर ऐकत राहिले, पण त्यांनी लगेच सांगितलं नाही. मी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"म्हणते, बघा, ही तीन आठवड्यांच्या वाटेवरून परत जाते. तर एका आठवड्याच्या वाटेवरून का नाही येणार? म्हणते, हे तू नोराला सांग. घरच्यांचं ती ऐकत नाही."

मी नोराकडे गेले. ती दाराबाहेर बांधावर बसली होती, बूट काढून. तिला शाळेतलं इंग्रजी येत होतं, माझ्याइतपतच. मी म्हटलं, "तुझी आई म्हणते, परत ये."

"माझी बहीण जाऊन आठ वर्षं झाली," नोरा म्हणाली. "आता मी. माझ्यामागून धाकटी. आईला माहीत आहे सगळं. तिला फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गेलीस की तुझी आई किनाऱ्यावर येईल?"

खोटं बोलता आलं असतं. पण तिनं ज्या नजरेनं विचारलं, त्या नजरेपुढे माझ्याच्यानं ते होईना. मी सांगितलं, "माहीत नाही. आमच्यात समुद्र ओलांडणाऱ्याला परत घरात घेत नाहीत. मला आईच्या हातचं पाणीसुद्धा मिळेल की नाही, कोण जाणे."

नोरा माझ्याकडे बघत राहिली. "घर आहे, आई आहे, वाट आहे. आणि घेणार नाहीत?"

"नाही."

"मग तुझं जास्त वाईट," ती म्हणाली, आणि आपली शाल माझ्याही खांद्यावर ओढली. निघायची ती होती आणि समजूत माझी काढत होती.

आत आलो तेव्हा नाच थांबला होता. आईनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी करायला हवं होतं. मी मास्तरांना म्हटलं, "आमच्याकडे मुलगी निघाली की तिची ओटी भरतात. मी हिची भरू?" कुमारिकेची ओटी भरत नाहीत, हे मला ठाऊक होतं. नारळ नव्हता, तांदूळ नव्हते. पण त्या घरात ओट होते, तिकडचं रोजचं धान्य, आणि फळीवर एक सफरचंद होतं. नोरानं तिचा झगा ओंजळीसारखा पुढे धरला. मी तिच्या आईला म्हटलं, तुम्ही भरा. मास्तरांनी अर्थ सांगितला. मुलगी भरल्या ओटीनं जाते, म्हणजे ती या घरची राहते, कुठेही गेली तरी.

नोराची आई उठली. तिनं ओंजळभर ओट घातले, सफरचंद ठेवलं. मग पुन्हा ओंजळ भरून आणली, पुन्हा एक. तिला थांबावंसं वाटेना. दाणे झग्यातून जमिनीवर सांडू लागले तेव्हा तिनं मुलीला मिठी मारली आणि रडण्याचा तो सूर धरला, ज्याबद्दल मास्तरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं. सांगून ऐकायची ती गोष्ट नव्हे. मिसेस पार्कर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. हे माझ्या मागे आले आणि माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. चारचौघांत, त्या काळात.

सकाळी आम्हालाही गॉलवेला आगगाडीसाठी जायचं होतं. मास्तरांनी नोराला आमच्याच गाडीत घेतलं. सगळं गाव चालत बरोबर आलं. गावाबाहेर ओढ्यावर दगडी पूल आहे. पोचवणारे तिथून मागे फिरतात, तशी रीतच आहे. नोराची आई पुलाच्या अलीकडे थांबली. काल ती रडली होती, आज रडली नाही. तिनं मुलीच्या शालीची गाठ नीट केली, आणि गाडी निघाली. त्या गाडीत तोंड बाजूला असतं म्हणून सांगितलं ना, त्यामुळे मागे बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागते. नोरानं वळवली नाही. ती समोरच्या शेतांकडे बघत एकेका वस्तूचं नाव घेत राहिली, आयरिश भाषेत, हळू आवाजात. बांध. गाय. झरा. मास्तर घोडा हाकत होते, त्यांनी एकदाही मला अर्थ सांगितला नाही. मीही विचारला नाही.

गॉलवेच्या स्टेशनात मिसेस पार्करनी आपला गरम कोट काढून तिच्या अंगावर घातला आणि ती नको म्हणायच्या आत दुसऱ्या डब्याकडे निघून गेल्या. नोरा मला म्हणाली, "तू गेलीस ना, की दारात बसून राहा. हलू नकोस. कंटाळतील आणि घेतील आत." पुढे तिचं काय झालं, मला कधी कळलं नाही. मास्तरही दोन वर्षांत गेले.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आम्ही मुंबईला परतलो. धक्क्यावर यांचे मित्र हार घेऊन आले होते. आई नव्हती. काकांनी सांगून पाठवलं, दोघांनी प्रायश्चित्त घ्यावं, मग बघू. हे म्हणाले, "मी शिकायला गेलो होतो, पाप करायला नाही." त्यांचं खरं होतं. काकांचंही त्यांच्या परीनं खरं होतं. दोन खऱ्यांच्या मधे मी.

आम्ही गिरगावात वेगळं बिऱ्हाड केलं. मी दर सोमवारी ठाकूरद्वारला जायची आणि ओट्यावर बसायची. आई उंबऱ्याच्या आत बसायची. पाणी मागितलं तर ती तांब्यातून वरून धार सोडायची, मी ओंजळीनं प्यायची. मी आले की काका आतून खाकरायचे आणि मागच्या दारानं बाहेर जायचे. मला हाकलावं लागू नये म्हणून. हे मला कळत होतं. आई मला विलायतेचं विचारायची आणि मी सांगायची. बर्फाचं, पुलांचं, चार दिवस टिकणाऱ्या पावांचं. आयर्लंडचंही सांगितलं, बटाट्यांचं, मास्तरांच्या नमस्काराचं. नोराचं मात्र सांगितलं नाही. ते जिभेवर यायचं आणि परत जायचं.

मग प्लेग आला. वाडीतली घरं रिकामी होऊ लागली. काकांनी सगळ्यांना घेऊन गावी जायचं ठरवलं. आईही जाणार होती. पुन्हा भेट केव्हा, होईल की नाही, कुणी सांगावं? शेवटचं भेटायला म्हणून मी गेले, आणि त्या दिवशी मी नोराचं सगळं सांगितलं. नाच, ओटी, सांडलेले दाणे. आई ऐकत होती.

"मग ती आई पोचवायला कुठवर गेली?" तिनं विचारलं.

"पुलापर्यंत."

"पुढे का नाही गेली गं?"

"पुढे कशी जाईल, आई? पुढे समुद्र होता."

आईनं आमच्या दोघींच्या मधल्या त्या लाकडी उंबऱ्याकडे पाहिलं, तिथल्या रोजच्या रांगोळीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आणि इथे काय आहे?"

ती उठून आत गेली. तिला राग आला असं समजून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. जिन्यावर पावलं वाजली. दार उघडलं तर आई. काखेत बोचकं, जिना चढून धाप लागलेली. मला पहिल्यांदा वाटलं, कुणाला ताप आला.

"काकांना सांगून आलीस का?"

"चोरून कशाला येऊ? भावोजींना म्हटलं, तुम्ही पोरींना घेऊन गावी जा, मी यमूकडे राहते. गेले की पुन्हा या घरात येणार नाही, तुमच्या पोरींच्या आड येणार नाही."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? गाडी बघून देतो म्हणाले. खाली उभे आहेत. वर येणार नाहीत, तू बोलावू नकोस."

मी गॅलरीत गेले. रस्त्याच्या पलीकडे काका उभे होते, काखेत छत्री, उन्हात. त्यांनी वर पाहिलं. मी हात जोडले. त्यांनी मान खाली घातली, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि गाडीत बसून निघून गेले.

आत आले तर आईनं मोरीत हातपाय धुतले होते आणि ती माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. उभ्या आयुष्यात सोवळ्याबाहेर एक घास न घेतलेली माझी आई.

मी म्हटलं, "आई, स्वयंपाक मी केलाय."

"मग कुणी करायचा? वाढ."

मी पान मांडलं. वाढताना भात पानाबाहेर पडला. आईनं चित्राहुती घातली, आमटीभात कालवला आणि पहिला घास घेतला. मी समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती सावकाश जेवत होती, खाली बघून. अर्धं पान झाल्यावर तिनं मान वर केली.

"मीठ जरा जास्त झालंय गं," आई म्हणाली, आणि पुन्हा भात मागितला.